पोर्चचं कुलूप

कॅनडात, विनिपेगच्या पार उत्तरेला, आमच्या खाणीच्या गावात बबन गजभियेंचं एकुलतं एक ग्रोसरीचं दुकान. नागपूरहून आलेल्या या माणसाने तिथली एक रीत मनापासून उचलली होती. हिवाळ्यात दुकानापुढच्या बंदिस्त पोर्चला कुलूप लावायचं नाही आणि आतला हीटर चालू ठेवायचा. थंडीत अडकलेला कोणीही येऊन बसायचा.

त्या पोर्चच्या पुण्याईवर ते टाउन कौन्सिलवर निवडून आले. मग नवे दोस्त म्हणाले, तिथे दारुडे झोपतात, कौन्सिलरच्या दारात हे शोभत नाही. बबनभाऊंनी कुलूप लावलं. इतक्या स्वस्तात विकला गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जानेवारीत म्हातारा वॉल्टर, त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, त्याच दाराला टेकून गोठलेला सापडला. सवयीने आला होता. हात कडीलाच होता.

श्रद्धांजलीचा ठराव कौन्सिलमध्ये बबनभाऊंनीच मांडला. त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ते बायकोला सांगत होते, सगळे कसे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

कांताबाई भात वाढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो रात्रभर उभा होता."