वसतिगृहाच्या पेजवरचा फोटो

मी काही लिहावं, एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठे चुकलं तर मोठ्या मनाने माफ करावं. जिची ही गोष्ट आहे तिला विचारूनच लिहितो आहे. नाव मात्र बदललं आहे.

प्रतीक्षाचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडलेली होती.

"दादा, मले सायकल देली त्याचा फोटो फेसबुकवर कोनं टाकला?"

अमरावतीत एक संस्था मुलींचं वसतिगृह चालवते. घरातल्या शेतकऱ्याने आत्महत्या केली, अशा घरच्या मुली तिथे राहून शिकतात. प्रतीक्षा त्यांतलीच एक. बी.कॉम. करता करता मी संस्थेचं फेसबुक पेज सांभाळायचो. पेज म्हणजे चौकातला फलक समजा. येणारा-जाणारा कुणीही वाचू शकतो.

मी पेज उघडलं. अकोल्याच्या सायकलवाटपाच्या कार्यक्रमातून सरांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, स्वतःच फोटो टाकला होता. सायकलजवळ उभी प्रतीक्षा. खाली पूर्ण नाव, गाव, कॉलेज आणि 'आत्महत्याग्रस्त कुटुंबातील कन्या'.

"कॉलेजात कोनालेच मालूम नाही," ती म्हणाली. "बाबा नाहीत, एवढंच सांगतलं मी. सोमवारी कॉलेज उघडते. मंग साऱ्या जनी मले बिचारी म्हून पायतीन."

तिने स्वतःचं सगळं जपलं होतं. प्रोफाइलवर चेहऱ्याऐवजी गुलाबाचं फूल, नाव अर्धंच, अनोळखी माणसाची रिक्वेस्ट घ्यायची नाही. आमच्याकडच्या बऱ्याच मुली तसंच करायच्या. पण तिने कुलूप लावलं ते आपल्या दाराला. फोटो आमच्या दारातून बाहेर गेला होता.

मी सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, तो सायकलचा फोटो डिलीट करू?"

"कावून? केवढे लाइक आहेत त्याले!"

"तिला नको आहे."

"अरे बाबू, चेहरा दिसला तरच लोक मदत करतात. त्याच मदतीवर चालते हे वसतिगृह. तू नवीन आहेस अजून."

तेही खोटं नव्हतं. मी दारापर्यंत गेलो आणि थांबलो. मोबाइल काढून सरांचीच प्रोफाइल उघडली. त्यांच्या मुलीला आम्ही ताई म्हणायचो.

"सर, ताईचं लग्न झालं ना आता? मले तं एकबी फोटो दिसून नाही राहिला."

"तुले कसा दिसंन? घरच्या लोकांपुरताच ठेवला आहे. कोन कुठला मानूस पाहीन, काय भरोसा..."

सरांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

"काढ," ते म्हणाले. "माझ्यासमोर काढ."

मी तिथेच पोस्ट डिलीट केली. मूळ पोस्ट गेली की ज्यांनी ती शेअर केली त्यांच्याकडूनही जाते. पण ज्याने फोटो उतरवून घेऊन स्वतः टाकला, त्याच्याकडे तो राहतोच. असा एक जण निघाला. सायकली देणारे अकोल्याचे सरकीचे व्यापारी, रफीकशेठ. केबिनबाहेर येऊन मी त्यांना फोन लावला. अडखळत सगळं सांगितलं.

"बच्ची नाराज है?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हाव, शेठ."

"तो फिर पूछना क्या उसमें? सायकल दी है, बच्ची थोडी खरीदी! पन मले काढता येत नाही ते. तू बोल, मी दाबतो."

"फोटोच्या वर कोपऱ्यात बाण आहे, तो दाबा."

"दाबला. अरे, पूरा फेसबुकच गेलं!"

"परत उघडा, शेठ."

तिसऱ्यांदा ते एवढ्या जोरात "फोटो गया!" ओरडले की केबिनमध्ये सरांनाही ऐकू गेलं.

त्याच दिवशी सरांनी नियम केला. मुलीला दाखवल्याशिवाय फोटो नाही, आणि नाव-गाव तर नाहीच. मग आम्ही सायकलींचे, वह्यांचे, पाठमोऱ्या मुलींचे फोटो टाकू लागलो. मदत काही थांबली नाही. मी एवढंच शिकलो की सेटिंग आपल्या मोबाइलात असतं, पण आपला फोटो दुसऱ्याच्याही मोबाइलात असतो. त्या दुसऱ्याला जाऊन सांगावं लागतं.

सोमवार गेला. तिचा फोन नाही. कुणी फोटो आधीच पाहिला असेल का, हे विचारायची मला भीती वाटत होती. शेवटी तिचाच फोन आला.

"कोनीच नाही पायला, दादा! पन आज मीच सांगतलं एका मैत्रिणीले. सारं."

"कावून?"

"मले सांगावंसं वाटलं म्हून."