पडद्यावरचे विसूभाऊ

विसूभाऊंना साधी गोष्ट साधी सांगताच येत नसे. मांजर आडवं गेलं तर घरी येईपर्यंत त्याचा बिबट्या होई, आणि कोणी हसलं की डोळे मोठे करून म्हणत, "मी काय झूठ बोलतोय का?" दौलतगंजात एकाच अंगणाभोवती आमची बिऱ्हाडं होती. मी शेजारच्या बिऱ्हाडातली नवी सून. पोळ्या लाटताना त्यांच्या थापा कानावर पडत, आणि सासुरवास जरा हलका होई. खरं सांगायचं तर मला ते फार आवडत.

दरबारच्या कचेरीतली कारकुनी सोडून ते बोलपटात काम करायला कोल्हापूरला पळाले. वर्षभराने परतले ते कोट घालूनच. "आई, मी विष्णू झालो!" अंगणातूनच त्यांनी काकूंना सांगितलं. काकू म्हणजे त्यांची विधवा आई. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान तिखट. त्या दिवसापासून काकू विहिरीवर, देवळात, भाजीवालीपाशी एकच सांगत, "आमचा विसू विष्णू झालाय हो."

मग तो बोलपट आमच्या शहरातल्या लष्कर भागात, थेटरात लागला. नेमकी एकादशी होती. सगळी आळी दुपारच्या खेळाला गेली. बायकांच्या बाजूला काकू माझ्याशेजारी, विसूभाऊ पलीकडे पुरुषांत. गोष्ट मोठी गमतीची होती. एक भोंदू साधू विष्णूचा शंख चोरून पळतो, आणि देव घोंगडीत तोंड झाकलेला वाटसरू होऊन त्याला रानावनांत शोधत फिरतो. चोराने शंख फुंकला की कुठून तरी एक रेडा धावत येई आणि त्याला ढुशी देई. लोक हसून लोळत होते. चोराच्या तोंडावर दाढीचं जंगल. तो पहिल्यांदा बोलला तेव्हा काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, रेड्याला भ्यायल्या.

पुढे विष्णू प्रकट झाले. लोक जोडे काढून, हात जोडून उभे राहिले. मुकुट, हार आणि रंगाच्या थरांखाली माणूस कोण ते काही कळत नव्हतं. काकू मात्र बसूनच राहिल्या, हात पदराखाली.

"काकू, उठा ना, भगवान आलेत," मागची बाई म्हणाली.

"पोटच्या पोराला हात कसे जोडू?" काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "त्याचं आयुष्य उणं होईल."

बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. पलीकडे विसूभाऊ मान खाली घालून बसले होते.

संध्याकाळी काकू ओसरीवर वाती वळत होत्या. विसूभाऊ समोर येऊन बसले. मी चूल पेटवत होते, सगळं ऐकू येत होतं.

"आई, तो देव मी नव्हतो. मी तो चोर."

"माहीत आहे. तोंड उघडलंस तेव्हाच आवाज ओळखला."

"मग हात का नाही जोडलेस?"

"जोडले असते तर चारचौघींत तू झूठा पडला असतास." वात वळता वळता त्या म्हणाल्या, "एकादशीला विष्णू समोर आला आणि मी धोंड्यासारखी बसून राहिले, तेवढं मनाला लागलं."

चुलीपाशी माझी मान वर होईना. विसूभाऊंच्या थापांना हसून हसून त्यांना चढवणाऱ्यांत मीही होतेच.

काकूंना पुन्हा त्या खेळाला न्यायचं म्हणून सकाळी ते तिकिटं काढायला धावले. पण बोलपटाच्या रिळांच्या पेट्या पहाटेच्या गाडीने झाशीला गेल्या होत्या. परत येताना खासगी बाजार या पेठेपासून आमच्या आळीपर्यंत ते ओट्याओट्यावर थांबले. "भाई, विष्णू मी नाही. रेड्याच्या ढुशा खाणारा तो मी." लोक पोट धरून हसत. हसू ओसरेपर्यंत ते तिथेच उभे राहत आणि मग पुढच्या ओट्याकडे जात.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. काकू दारात उभ्या होत्या.

"सांगून मोकळा झालास?" त्या म्हणाल्या. "मग काल मी देवासमोर कशासाठी बसून राहिले रे?"

विसूभाऊंनी जोडे काढले, पण उंबरा ओलांडायला त्यांचा पाय उचलेना. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तर विसूभाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.