उजेड बघायला उभी राहणारी

तोंडावर त्याला सगळे फोटोवाला म्हणत आणि पाठ फिरली की भंगारफोटो. नाव काही खोटं नव्हतं. बसथांब्यासमोर त्याचं बोळकांडाएवढं दुकान. ओळखपत्राचे फोटो, लग्नं, वाढदिवस, यावर घर चालायचं. पण सुट्टी आली की गडी स्कूटर काढायचा, मागे बायकोला बसवायचा आणि गावाबाहेरच्या रस्त्याला लागायचा. कशाला, तर रस्त्याकडेला पडलेल्या वस्तूंचे फोटो काढायला! बूड गेलेली बादली, चाक निखळलेली गाडी, गंजलेला हातपंप, शेताच्या फाटकाला तारेने बांधलेली तीन पायांची खुर्ची. शेजारी म्हणायचे, भिकेचे डोहाळे, दुसरं काय.

बायकोने मात्र कधी नाक मुरडलं नाही. उलट नजर तिचीच तीक्ष्ण. स्कूटर चालवताना त्याला फक्त खड्डे दिसायचे, वस्तू तिला दिसायच्या. तिने खांद्यावर दोन बोटं टेकवली की त्याने थांबायचं, असं ठरलेलंच होतं.

मग तिचं दुसरं काम. वस्तूच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. माणसाच्या चेहऱ्यावर उजेड नीट बसला की गंजावरही बसतो, हे त्याचं शास्त्र. तिच्यावर कॅमेरा रोखून तो दोनचार फोटो काढायचा, कमीजास्त करायचा, आणि जमलं की म्हणायचा, "सरक आता." ती सरकायची. खरा फोटो त्यानंतर.

संध्याकाळी घरी आलं की तो पाय पसरून बसायचा आणि ती कॅमेरा मांडीवर घेऊन कार्ड साफ करायची. तू आहेस ते सगळे काढून टाक, जागा होईल, असं त्याने पहिल्यांदा सांगितलं होतं. पुढे सांगावंच लागलं नाही. कधीतरी तिचं बोट अडखळायचं.

"अहो, हा बरा आलाय की माझा."

"अगं, तो उजेडाचा. तुझा एकदा निवांत काढू, दुकानात, पडद्यासमोर."

ती बरं म्हणायची आणि बटण दाबायची. स्वतःच्या हाताने स्वतःला पुसायची, आणि या शहाण्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

निवांत म्हणे! थंडीच्या सुरुवातीला तिला ताप आला, तो छातीत उतरला आणि आठवड्याच्या आत सगळा खेळ आटोपला.

लेक सासरहून आली होती. माणसांची वर्दळ कमी झाल्यावर ती म्हणाली, भिंतीवर लावायला आईचा एक चांगला फोटो द्या. देतो की, त्यात काय, असं म्हणत त्याने दुकान उघडलं आणि बापलेक संगणकापुढे बसले. दुपार कलली. बादली सापडली, पंप सापडला, बुजगावणं सापडलं. लग्नातला एक फोटो होता, पण त्यात तिने मान इतकी खाली घातलेली की नुसता भांग दिसत होता. त्याने कार्ड दुरुस्तीवाल्याकडे नेऊन पाहिलं. तो म्हणाला, पुसलेल्यावर इतक्यांदा नवं चढलंय, आता खाली काही उरलेलं नाही.

लेक आरडाओरडा करणारी नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, अख्ख्या जगाचे फोटो आहेत तुमच्याकडे. त्या बादलीचेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच स्कूटर घेऊन निघाला. कशासाठी, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. खांद्यावर बोटं टेकली नाहीत, त्यामुळे वाटेत काही दिसलंच नाही. शेवटी त्या तीन पायांच्या खुर्चीपाशी थांबला, कारण ती जागा पाठ होती. दोघांची शेवटची फेरी तिथलीच. सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनेच तोंडून निघून गेलं, "सरक आता."

मग तो गवतात मटकन बसला. "नको गं. थांब तिथेच," म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला.

डोळे पुसले तेव्हा त्याला दिसलं, खुर्चीशेजारचं गवत गुडघाभर ताठ उभं होतं. पण त्या शेवटच्या फेरीतल्या फोटोत ते असं नव्हतं. फोटोत ते दबलेलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण चौकट बिघडली म्हणून तेव्हा तो तिच्यावर चिडला होता.

तो तसाच दुकानात गेला. खुर्चीचा जुना फोटो मोठा करून छापला, पाठीला पुठ्ठा लावला आणि घरी येऊन भिंतीवर टांगला. स्वयंपाकघरातून लेक हात पुसत बाहेर आली आणि बघतच राहिली. बापाचं डोकं फिरलं, असं तिला वाटलं असणार.

त्याने तिचा हात धरून जवळ नेलं आणि खुर्चीच्या उजवीकडे बोट ठेवलं. तिथे गवत चपटं झालं होतं, दोन पावलांएवढं.

"ही बघ," तो म्हणाला. "आत्ताच सरकलीय."