आप्पांनी लॅमिनेट केलेला फॉर्म सोळा

परभणीच्या एका संशोधन संस्थेत मी ज्वारीच्या खोडमाशीवर पीएच.डी. करत होते. फेलोशिप दरमहा मंजूर होती. म्हणजे कागदावर दरमहा, हातात वर्षातून एकदा, मार्च संपताना. फी संस्थेने माफ केली होती आणि बदल्यात मी पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची. निवड झाली तेव्हा आमच्या गावाजवळच्या झरीच्या बसथांब्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. त्यात माझा फोटो शुभेच्छुकांच्या फोटोंपेक्षा लहान होता, आणि खोडमाशीचा उल्लेख कुणीतरी शहाणपणाने टाळला होता.

पुढे संस्थेत नवे लेखाधिकारी आले. त्यांनी फेलोशिपला पगार ठरवलं. माफ झालेली फी, जी मी भरली नव्हती आणि मला कुणी दिलीही नव्हती, तीसुद्धा त्यांनी मिळकत म्हणून त्यात मिळवली. त्यावर कर कापून मला फॉर्म सोळा दिला. मी तो सुट्टीत घरी नेला आणि तिथेच विसरून आले.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो झरीला नेऊन लॅमिनेट करून आणला. आमच्या घरात शिक्क्यासकट पगाराचा कागद पहिल्यांदाच आला होता. "आपली पोरगी टॅक्स भरायलीय," असं ते पारावर सांगायचे. कर भरणं ही इभ्रतीची गोष्ट आहे असं मनापासून मानणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्याच उन्हाळ्यात धाकटी बहीण बारावी झाली. तिचा संभाजीनगरला नर्सिंगला नंबर लागला. फीमाफी आणि वसतिगृह, दोन्ही उत्पन्नाच्या दाखल्यावर अवलंबून होतं. आप्पा तिला घेऊन तलाठ्याकडे गेले आणि अर्जाला तो चकचकीत फॉर्म जोडला. तिथलं बोलणं मला धाकटीने नंतर सांगितलं.

"मामा," तलाठी म्हणाला, "हे कशाला जोडायलात? शेतीचं तेवढं लिहा की."

"का? पोरीची कमाई हाय, चोरीची न्हाई."

"लोक असलेली जमीन लपवायलेत, अन् तुमी..."

"लपवू द्या त्यांना. तुमी लिवा."

तलाठ्याने लिहिलं. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं.

मी परभणीत एका कर सल्लागाराकडे धावले. त्यांनी कागदावरून एकदा नजर फिरवली आणि हसले.

"मॅडम, शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. हा पगार नाहीच. माफ झालेली फी तर नाहीच नाही. रिटर्न भरा, कापलेला कर परत येईल."

"आणि बहिणीचा दाखला?"

"तो काही आयकरात येत नाही."

दाखला बदलायला तहसीलला संस्थेचं पत्र हवं होतं. पत्र द्यायला लेखाधिकाऱ्यांना समितीची बैठक हवी होती, आणि समितीला अध्यक्ष. पत्र निघालं, त्यात मला 'गुणवंत संशोधिका' म्हटलं होतं. तोवर प्रवेशाची मुदत संपून तीन आठवडे झाले होते. मी स्वतः फी भरली असती, पण पुढची फेलोशिप मार्चशिवाय येणार नव्हती. कागदावर माझं उत्पन्न एवढं होतं की बहिणीला सवलतीची गरज नव्हती; प्रत्यक्षात माझे मेसचे पैसे मैत्रीण भरत होती.

धाकटीने नर्सिंगसाठी पांढरे बूट आणून ठेवले होते. ते तिने मामेबहिणीला दिले. पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असं मी म्हणाले. "बघू," ती म्हणाली. आता ती झरीला एका सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरते. तिचं टायपिंग फार चांगलं आहे, असं तिथले मालक सगळ्यांना सांगतात.

दिवाळीच्या आधी कराचा परतावा आला. त्याचा आदेश पिशवीत घालून मी गावी गेले, आप्पांना दाखवावा म्हणून. संध्याकाळी ते ओसरीत बसले होते.  माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीचं लय वाईट झालं. पण आपण खोटं तर काई लिवलं न्हाई, न्हवं?"

पिशवीतल्या आदेशात माझं त्या वर्षीचं करपात्र उत्पन्न शून्य होतं. धाकटीने तो दुपारीच वाचला होता. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, थापायची थांबली.

"न्हाई, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि बैलांना कडबा टाकायला गेले.