पेटीचं माप आतून

जगात मोकळी जागा असू शकते, ही गोष्ट आमच्या थोरल्या दिरांनी आयुष्यात कधी मान्य केली नाही. पिशवीत, डब्यात, कपाटात, कुठेही पोकळी दिसली की कुणाचा तरी आळस उघडा पडला असा त्यांचा समज. कुणी प्रवासाला निघालं की ते त्याची बॅग हातात घेत, दोन्ही बाजूंनी दाबून बघत आणि विचारत, "हवा कशाला नेता?" पुढच्या पाच मिनिटांत बॅग उलटी होऊन सगळं सामान ओटीवर यायचं आणि ते नव्याने भरायला बसायचे. लग्न होऊन मी पावसच्या घरात आले तेव्हा माझ्या ट्रंकेतला प्रेशर कुकर रिकामा निघाला. त्यात निदान दोन शेर सुपारी मावली असती हे त्यांना इतकं लागलं, की पुढे कित्येक वर्षं ते माझ्या माहेराबद्दल सांगताना, "माणसं चांगली, पण कुकर रिकामा पाठवतात," असं म्हणत. माझी मुलगी शिकायला पुण्याला निघाली तेव्हा तिच्या नव्या बुटांत त्यांनी आमसुलं भरली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून भरली होती, पण पिशवी फुटली. होस्टेलवर पहिलं वर्षभर तिला कुणी बूट आत आणू दिले नाहीत.

आम्ही दोघं नवराबायको रत्नागिरीत, मी पतपेढीत कामाला. आणि भाऊजी पावसला, बागेत. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही हे मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं आणि ते लांबलं असतं. एसटीच्या कंडक्टरांशी त्यांचं पिढीजात वैर होतं. कंडक्टर सामानाकडे नुसता बघतो आणि लगेज लावतो, माप घेत नाही, वजन करत नाही, हा त्यांचा आक्षेप. एकदा एका मोठ्या फणसावरून असाच वाद झाला तेव्हा त्यांनी लगेजचं तिकीट नाकारलं, फणसाचं पूर्ण तिकीट काढलं आणि त्याला खिडकीशी बसवलं. गाडी भरलेली. एक मास्तर उभे होते, त्यांनी फणस खाली ठेवायची विनंती केली. भाऊजी म्हणाले, "तिकीट त्याचं आहे. मला काय विचारता?" शेवटी भाट्याच्या पुलाच्या अलीकडे तडजोड झाली. मास्तर सीटवर बसले आणि फणस मास्तरांच्या मांडीवर. तिकीट फणसाचं असल्यामुळे मास्तरांना काटे टोचतात म्हणायची सोय राहिली नाही.

आंब्याच्या दिवसांत मात्र हा माणूस निराळा होई. पेट्या भरायला बसले की बोलणं बंद. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे देठ एका बाजूला करून, मग पुन्हा पेंढा. कुठे हात जरा दाबून, कुठे अलगद. पुठ्ठ्याचे खोके आले, सगळ्या बागायतदारांनी घेतले, यांनी नाही घेतले. पुठ्ठ्यात आंबा घुसमटतो, लाकडाच्या पेटीत दोन फळ्यांमध्ये फट राहते, तिथून त्याला वारा लागतो. एरवी हवेशी उभा दावा मांडणारा माणूस आंब्याला मात्र ती मोजून देत असे.

त्यांचं आंब्याइतकं प्रेम कुणावर असेल तर ते धाकट्या बहिणीवर. म्हणजे माझ्या नणंदेवर. वन्संचा जन्म झाला तेव्हा सासऱ्यांनी विहिरीपाशी एक हापूसचं कलम लावलं आणि त्याला पाणी घालायचं काम भाऊजींकडे आलं. ते कलम वन्संचं. लग्न होऊन त्या बेंगलोरला गेल्या तरी दर मे महिन्यात माहेरी यायच्या आणि त्या कलमाचा पहिला आंबा झाडाखाली उभ्यानेच खायच्या, कोपरापर्यंत रस गाळत. भाऊजी तेव्हा जवळपास कुठेतरी काम काढून उभे असायचे. मग वन्सं पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि प्रवास बंद झाला. पहिल्या वर्षी भाऊजींनी पेटी पार्सलने पाठवली. वन्संचा फोन आला, आंबे छान होते म्हणाल्या. भाऊजींनी विचारलं, साल पातळ होती का? हो, म्हणाल्या. देठाशी लाली होती का? होती, म्हणाल्या. भाऊजींनी फोन ठेवला आणि मला सांगितलं की आंबे सडून पोचले. त्या कलमाच्या आंब्याला लाली कधीच नसते. नंतर वन्संच्या मुलाकडून मला कळलं, पेटी दारात आली तेव्हा तिच्यातून पाणी गळत होतं, तशीच उचलून टाकली.

दुसऱ्या वर्षी कलमाला मोहोर आला त्याच दिवसांत भाऊजींनी सांगून टाकलं, की या खेपेला आंबे ते स्वतः हातात घेऊन जाणार. ज्या माणसाने कोल्हापूरच्या पुढचं जग पाहिलं नव्हतं त्याला बेंगलोरपर्यंत दोन दिवस गाड्या बदलत पाठवणं मला परवडणारं नव्हतं. तेव्हा स्वस्त विमानांचे दिवस नवे होते. मी पतपेढीतल्या कॉम्प्युटरवरून गोव्याहून बेंगलोरची दोन तिकिटं काढली. दोन, कारण भाऊजींना मराठीखेरीज काही येत नव्हतं आणि ह्यांना मार्चनंतर सुट्टी नव्हती. तिकिटाबरोबर सामानाचे नियम आले. ते मी वाचून दाखवले. हातातलं सामान पंचावन्न, पस्तीस आणि पंचवीस सेंटीमीटरच्या आत, वजन सात किलोच्या आत. विमानतळावर लोखंडी चौकट असते, तिच्यात सामान बसलं पाहिजे. नाही बसलं तर जादा आकार भरून ते खाली पोटात टाकायचं. मला वाटलं, आता एसटीचं सगळं उगाळणार. पण भाऊजी एकदम खूश झाले. मला पुन्हा वाचायला लावलं. "ही माणसं कामाची आहेत," म्हणाले. "डोळ्यांनी लगेज लावत नाहीत. चौकट ठेवलीय." जादा आकाराबद्दलही त्यांचं काही म्हणणं नव्हतं. जो नियम मोडेल त्याने भरावा. आपण मोडायचा नाही म्हणजे झालं.

त्यांनी जन्मभर पेट्या करणाऱ्या सुताराला बोलावून तीन मापं सांगितली. सुताराने पेटी केली, सुरेख केली. तासलेल्या फळ्या, बोटभर फटी, वरून सुंभाचा कान. मग वजनाची पाळी आली. आमच्या पतपेढीखालच्या किराणा दुकानात काट्यावर भरलेली पेटी ठेवली तर ती सात किलोच्या वर गेली. भाऊजींनी एक एक करत सहा आंबे बाहेर काढले. प्रत्येक आंब्याला थोडा वेळ लागला. दुकानदाराने चेष्टेने विचारलं, हे सहा मी विकत घेऊ का? भाऊजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने काटा पुसायला घेतला.

सकाळच्या गाडीने आम्ही मडगावला गेलो, तिथून विमानतळावर. वाटेत पेटी पूर्णवेळ त्यांच्या मांडीवर. आमचे कपडे एका बॅगेत होते, ती अर्थातच दगडासारखी भरलेली. काउंटरवरच्या मुलीने बॅग घेतली, पेटीकडे पाहिलं आणि चौकटीकडे बोट दाखवलं. भाऊजी याच क्षणाची वाट बघत होते. शाळेतल्या पोराने सोडवलेलं गणित दाखवावं तशी त्यांनी पेटी उचलली आणि चौकटीवर ठेवली. पेटी चौकटीत गेली नाही. झाकण बसावं तशी वर बसली. त्यांनी फिरवून पाहिलं, आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. फळीच्या जाडीएवढी ती प्रत्येक बाजूने जास्त होती.

मुलगी हिंदीत बोलत होती आणि मी मध्ये होते. आधी मला कळेना, मग एकदम कळलं. पंचावन्न, पस्तीस, पंचवीस हे माप सुताराने आतून धरलं होतं. आंब्याच्या धंद्यात पेटीचं माप आतूनच असतं, आत किती मावतं याच्याशी काम. बाहेरून पेटी केवढी दिसते याच्याशी कुणाला काय करायचं आहे? सुताराला शंका आली नाही, भाऊजींना आली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. भाऊजी तिला शांतपणे समजावू लागले. "अगो, पेटीचं माप आतून घेतात. बाहेरून घेतात ते कपाटाचं." मी याचं हिंदी केलं. मुलगी म्हणाली, पेटी खाली टाकावी लागेल, त्याचा आकार पडेल. आमच्यामागे रांग वाढत होती.

मग मी जे पाहिलं ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भाऊजींनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटांची घडी काढली आणि न मोजता काउंटरवर ठेवली. मला म्हणाले, "हिला सांग, काय तो आकार घे, पण पेटी माझ्या हातात राहू दे. खाली टाकली तर मागल्यासारखं होईल. मग ती तिकडे परत 'छान होते' म्हणेल." मुलीला यातलं शेवटचं काही सांगण्यासारखं नव्हतं. पहिलं सांगितलं. ती म्हणाली, पैशाचा प्रश्न नाही, चौकटीत बसत नाही ते वर जात नाही. तिचं बरोबर होतं. तिकिटं काढली तेव्हा भाऊजींनी याच गोष्टीसाठी या लोकांचं कौतुक केलं होतं, आणि ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी नोटा उचलून परत खिशात घातल्या. नुसते पेटीवर हात ठेवून उभे राहिले. माझ्या पर्समध्ये बाजाराची कापडी पिशवी घडी करून असते. मी ती झटकून त्यांच्यापुढे धरली.

"भाऊजी, पेटी उघडा. आंबे यात भरा."

"पिशवीत? चेपतील."

"कोण भरतंय त्यावर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग विमानतळाच्या त्या गुळगुळीत लादीवर मांडी घालून बसले. कपड्यांची बॅग मागवून उघडली. आतून त्यांचं धोतर, माझ्या दोन साड्या, टॉवेल असं निघालं आणि प्रत्येक आंबा एकेका कपड्याच्या दुमडीत गेला. देठ एका बाजूला, कुठे दाबून, कुठे अलगद. सगळीकडे आंब्याचा वास सुटला. रांग आता कुरकुरायची थांबून वाकून बघत होती. काउंटरवरची मुलगी बाहेर येऊन उभी राहिली आणि तिने कुणाला तरी हळूच सांगितलं, की हे आधी झालं असतं तर तिने आपली बॅगही यांच्याकडून भरून घेतली असती. पिशवी चौकटीत गेली. ती बाहेरही आली, जे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. काट्यावर ठेवली तर वजन सातच्या पुष्कळ खाली. कपडे धरूनसुद्धा. सगळा भार लाकडाचा होता. पेटीत उरलेले कपडे आणि पेंढा घालून, रिकामी बॅग घडी करून त्यातच कोंबून, वरून सुंभ आवळून पेटी सामानात दिली. आकार काही पडला नाही. पण भाऊजींचा चेहरा पडलेलाच. "लाकडापायी सहा आंबे घरी ठेवले," एवढं एकच ते बेंगलोर येईपर्यंत अधूनमधून म्हणत राहिले. विमानात डोक्यावरचे कप्पे त्यांनी निरखून पाहिले. अर्धे रिकामे होते. "केवढी हवा घेऊन चाललेत," म्हणाले. स्वतःची पिशवी पायांत धरून बसले.

वन्सं पलंगावर टेकून बसलेल्या. पार वाळल्या होत्या. भाऊजींनी तब्येत विचारली नाही, बसलेही नाहीत. पिशवीतून धोतराची घडी उलगडली, एक आंबा निवडून नाकाशी नेला आणि त्यांच्या हातात दिला. सुनेने सुरी आणली, ती वन्संनी परत पाठवली. देठ काढून, चीक पिळून तसाच तोंडाला लावला. रस मनगटावरून कोपरावर आला, पांघरुणावर पडला. भाऊजी खिडकीचा बोल्ट तपासत उभे होते.

"छान आहे, दादा," वन्सं म्हणाल्या.

"खरं सांग."

वन्संनी कोपरावरचा रस पुसला. मग म्हणाल्या, "मागल्या वर्षीपेक्षा बरा आहे."

भाऊजी खिडकीकडे तोंड करून इतके हसले की त्यांना ठसका लागला. सून पाणी घेऊन धावली. तिला काय झालं ते कळलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

परत येताना पेटीत कॉफी, नाचणी आणि वन्संच्या हातचं विणलेलं काहीबाही ठासून भरून आणलं. वन्सं त्याच वर्षी भाद्रपदात गेल्या. पुढच्या मे महिन्यात कलमाला आंबे भरपूर लागले. भाऊजींनी ते विकले नाहीत, शेजारीपाजारी वाटून टाकले.

गेल्या महिन्यात मी पावसला गेले होते. माळ्यावरची पितळेची भांडी जागा अडवून बसली होती, ती कुठेतरी एका ठिकाणी घालावी म्हणून बघत होते. माळ्यावरचं प्रत्येक भांडं, प्रत्येक डबा गच्च भरलेला. मडक्यात मडकं, त्यात चिंच. कोपऱ्यात ती बेंगलोरची पेटी दिसली. मी ओढली तर हलकी लागली. खालून भाऊजींचा आवाज आला, त्यात नको. मी म्हटलं, भाऊजी, ही रिकामी आहे.

"असू दे," ते म्हणाले.

मी पेटी होती तिथे सरकवली. फळ्यांच्या फटीतून आत थोडा पेंढा दिसत होता. बाकी हवा.