जॅकेटची बकलं

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचतेय. कुणाला घाटात लिफ्ट मागणारी बाई भेटते, कुणाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये भांडी वाजतात... मी नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "रिप्रो स्टेप्स द्या म्हणावं." सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आयुष्य गेलंय माझं; रिप्रो स्टेप्स म्हणजे तीच चूक पुन्हा घडवून दाखवायच्या पायऱ्या. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही, ती आमच्या धंद्यात घडलेलीच नसते. आता मीच लिहायला बसलेय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, मी हक्क गमावलाय.

आम्ही वॉशिंग्टन राज्यात रेडमंडला राहतो – मी आणि समीर. घरापासून दीडेक तास पूर्वेला गेलं की डोंगर लागतात. तिथे उन्हाळ्यात एक दिवसाची गाइडेड ट्रिप असते. सकाळी दोर बांधून धबधबा चढायचा, वर डबा खायचा, आणि दुपारी खालच्या नदीत टायरसारख्या ट्यूबवर बसून आरामात वाहत यायचं. ऑफिसची टीम जाते, कॉलेजची मुलं जातात, वाढदिवस साजरे होतात. पाणी वितळलेल्या बर्फाचं, जीव गोठवणारं. बाकी भीतीदायक म्हणावं असं तिथे काहीही नाही.

माझा धाकटा भाऊ निखिल तिथे गेला. म्हणजे गेलाच.

तो चँडलरला, अॅरिझोनात, चिपच्या कंपनीत होता. त्या वर्षी लेऑफमध्ये नोकरी गेली. व्हिसाचे दिवस सरत चालले होते, नवीन ऑफर येत नव्हती. मीच म्हटलं, घरात बसून डोकं फिरेल, ये इकडे चार दिवस. तो आला, आणि कॉलेजचा मित्र अनुराग इथेच राहतो म्हणून दोघं त्या ट्रिपला गेले. दुपारी नदीत अनुराग थोडा मागे होता, निखिल एका वळणाआड गेला. वळण संपलं तेव्हा ट्यूब होती, निखिल नव्हता. दुसऱ्या दिवशी तो खाली सापडला.

ट्यूबवर त्याचं लाइफ जॅकेट होतं. तिन्ही बकलं उघडी, आणि जॅकेटची नीट घडी. दोन्ही बाजू आत, मग मधोमध. आमच्या घरी स्वेटरची घडी अशीच घालतात, आईची शिकवण.

त्या घडीमुळे सगळ्यांनी काय ते समजून घेतलं. नोकरी गेलेली, व्हिसा संपत आलेला, जॅकेट काढून ठेवलेलं... पोलिसांनी अपघात लिहिलं, पण ते सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. अनुराग एवढंच म्हणाला, की वळणाआड निखिलचा आवाज येत होता. "गाणं म्हणत असेल असं वाटलं, ताई." त्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही, मीही नाही.

आई नाशिकला असते. आम्ही तिला जॅकेटचं सांगितलं नव्हतं. पण भेटायला आलेल्या कुणाच्या तरी तोंडून निघालंच. तेव्हापासून दर रविवारी फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की आईचा तोच प्रश्न. "मने, त्यानं स्वतःच काढलं का गं ते?"

"नाही गं आई."

"तू बघितलंस का?"

पुढे पुढे ती म्हणायला लागली, "तुझं कामच तपासण्याचं आहे ना? मग जाऊन तपास की. तू सांगशील ते मी मानेन."

ट्रिपवर वापरतात तेच जॅकेट मी ऑनलाइन मागवलं. घरच्या टबात पाणी भरून, ते घालून बसले. बोटं दुखेस्तोवर बकलं ओढली, पिळली, टबाच्या कडेवर घासली. समीर दारात उभा राहून बघत होता. त्या बकलाला दोन कान असतात, ते एकाच वेळी दोन्हीकडून दाबले तरच सुटतं. आपोआप सुटेना. टबात नाही सुटलं म्हणजे नदीत सुटणार नाही असं थोडंच आहे? प्रत्यक्ष जागेवर टेस्ट केल्याशिवाय मी कधीच काही पास केलेलं नाही.

"कशाला जातेस यार?" समीर म्हणाला. "तिथे काय मिळणार आहे?"

"आईला उत्तर."

त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला धबधबा चढणं शक्य नव्हतं. एकटीला तर तो सोडणार नव्हताच. शेवटी शेजारच्या स्मिताची मुलगी प्राची माझ्याबरोबर आली. इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकते, सुट्टीत स्विमिंग पूलवर लाइफगार्डचं काम करते. तिला सगळं माहीत होतं. गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "मावशी, आय गॉट यू, ओके?"

जेना नावाची गाइड होती, हसरी आणि कामाला पक्की. निखिलच्या वेळी ती नव्हती, आणि मीही तिला काही सांगितलं नाही. धबधब्याखाली तिने प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्याला दोर जोडला. जोडणारी जी धातूची कडी असते, तिला फिरवून बसवायचं लॉक असतं. ते आपण स्वतः बसवायचं आणि मोठ्यांदा "लॉक्ड!" म्हणायचं, मग ती हाताने दाबून बघणार. ही पद्धत मला फार आवडली. मी लॉक बसवलं, "लॉक्ड" म्हटलं, तिने दाबून बघितलं आणि अंगठा दाखवला.

चढाई तशी सोपी होती. पाणी हेल्मेटवर धाडधाड आदळत होतं, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दोन्ही हात खडकात. वर पोचले, जेनाने माझा दोर सोडवायला हात पुढे केला, आणि तिचं हसू गेलं.

"डिड यू टच धिस?"

कडीचं लॉक पूर्ण मागे फिरवलेलं होतं. कडी नुसती अडकून होती.

मी म्हटलं, दोन्ही हात खडकात होते, मी कशाला हात लावू? तिने सॉरी म्हटलं, दोन-तीनदा. म्हणाली खडकाला घासून कधी कधी फिरतं. मग तिने ती कडी वापरातून काढून बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात टाकली. प्राचीचा चेहरा उतरला. मला मात्र – हे लिहितानाही लाज वाटते – बरं वाटलं. म्हणजे इथे लॉक आपोआप सुटतात! आईला सांगायला काहीतरी मिळालं. डब्यातला पराठा मी कित्येक महिन्यांनी चवीने खाल्ला.

दुपारी नदीवर आलो. जॅकेट घातलं, तिन्ही बकलं टकटकटक लागली, जेनाने खांद्याला धरून वर ओढून बघितलं. ती पुढे छोट्या होडीत, मागे सगळ्या ट्यूबा. प्राचीने आपला पाय माझ्या ट्यूबच्या पट्ट्यात अडकवून ठेवला होता. ऊन छान होतं. माझी टेस्ट चालूच होती – दर थोड्या वेळाने एकेक बक्कल ओढून बघायचं. घट्ट, घट्ट, घट्ट.

मग ते वळण आलं. पोलिसांच्या फोटोंत इतक्यांदा पाहिलं होतं की लगेच ओळखलं. उजवीकडे खडक, खाली खोल हिरवं पाणी, प्रवाह अगदी मंद. मी वरचं बक्कल ओढलं. घट्ट होतं.

पुढचं मला जे आठवतं ते हे, की माझं मनगट कुणीतरी जोरात धरलंय आणि नखं रुतताहेत.

"मावशी! स्टॉप! मावशी, लुक अॅट मी!"

प्राची अर्धी माझ्या ट्यूबवर आली होती. आम्ही वळण ओलांडून बऱ्याच पुढे आलो होतो. मी ट्यूबच्या कडेवर सरकले होते, गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात. आणि जॅकेट माझ्या मांडीवर होतं. दोन्ही बाजू आत, मग मधोमध.

मला थंडी वाजत नव्हती. त्या पाण्यात दोन मिनिटं पाय ठेवले की ते आपले राहत नाहीत, पण माझे पाय छान ऊबदार होते. भीतीही वाटत नव्हती. उलट प्राचीचा राग आला, की ही मध्येच कुठून आली... कशाच्या मध्ये, ते मला सांगता येत नाही. मग दातांवर दात आपटायला लागले आणि मी रडायला लागले.

परतताना प्राची गाडी चालवत होती. डोंगर मागे पडले. मग म्हणाली, "मावशी, कॅन आय टेल यू समथिंग? डोंट फ्रीक आउट."

"बोल."

"तू बोलत होतीस. मराठीत. आय थॉट माझ्याशी, म्हणून मी आन्सर केलं. बट यू वेअर लुकिंग डाउन. पाण्यात."

"काय बोलत होते?"

तिने ते मराठी शब्द फार जपून उच्चारले. "तू म्हणालीस, 'हो, हो. थांब, काढते.' आणि तू स्माइल करत होतीस."

घरी पोचल्यावर मी पहिला फोन अनुरागला केला. म्हटलं, निखिल गाणं म्हणत होता म्हणालास, कुठलं गाणं?

"ताई, गाणं नव्हतं ते. तेव्हा सांगितलं नाही, कारण त्याचा अर्थच लागत नव्हता. 'एक मिनिट, काढतोय' असं काहीतरी म्हणत होता. मला वाटलं बूट काढतोय."

म्हणजे रिप्रोड्यूस झालं. तीच जागा, तेच जॅकेट, तेच शब्द, तीच घडी. टेस्टर म्हणून मी यापेक्षा जास्त काय मागणार? फक्त कारण सापडलेलं नाही. डॉक्टर म्हणाले दुःख, ताण, ज्या जागेची धास्ती घेतली तिथे मनाने खेळ केला. मी मान्य केलं असतं. पण निखिलचे शब्द आधी ऐकले होते म्हणून मी तेच बोलले म्हणावं, तर ते शब्द मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हते. आणि सकाळी कडीचं लॉक फिरलं तेव्हा माझे हात खडकात होते की नाही, याचीही आता मला खात्री देता येत नाही.

मी कुणाशी बोलत होते? समीर म्हणतो, निखिलशी, दुसरं कोण असणार. तो मला धीर द्यायला म्हणतो. पण मग निखिल कुणाशी बोलत होता? तो गेला तेव्हा त्या नदीत आमचं असं आधी गेलेलं कुणीही नव्हतं. मी ज्याला "थांब" म्हटलं तो माझा भाऊ होता, की जे काही माझ्या भावाशी बोललं तेच होतं, हे मला कधीच कळणार नाही.

रविवारी आईचा फोन आला. तिने विचारायच्या आधीच मी सांगितलं, "आई, तपासलं. बकलं आपोआप सुटतात तिथे. त्यानं काही केलं नाही."

आई खूप रडली. देवापाशी दिवा लावून येते म्हणाली, फोन तसाच ठेवून गेली. मला वाटलं, चला, एक तरी जीव सुटला. ती परत आली आणि म्हणाली, "म्हणजे त्याला जगायचं होतं. मग ओरडला असेल गं माझा बाळ. किती हाका मारल्या असतील... आणि कुणालाच ऐकू गेल्या नाहीत."

आता दर रविवारी ती हेच म्हणते. पूर्वीचा प्रश्न बरा होता. नाही आई, तो ओरडला नाही, तो हसत होता – हे मला माहीत आहे, आणि हे मी तिला मरेपर्यंत सांगू शकत नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. माझं ऑफिस तळ्यापलीकडे आहे, जाताना लांबलचक पूल लागतो, दोन्ही बाजूंना पाणी. ट्रिपनंतरच्या आठवड्यात त्या पुलावर गाडीची सीटबेल्टची घंटी वाजायला लागली. मी गाडी चालवत होते, आणि माझा बेल्ट सुटलेला होता. काही दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा समीर शेजारी बसला होता. त्याने काय पाहिलं ते तो सांगत नाही. त्या दिवसापासून मी गाडी चालवत नाही.

आता तोच मला सोडतो, रोज. पूल जवळ आला की रेडिओ बंद करतो, एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि दुसरा हात माझ्या बेल्टच्या बकलावर घट्ट ठेवतो. पूल संपेपर्यंत काढत नाही. आम्ही याबद्दल बोलत नाही. परवा त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला मला ओरखडे दिसले, ताजे, चार-पाच. मी विचारलं, हे कशाने झालं?

तो म्हणाला, "काही नाही. बागेत लागलं."

आमच्याकडे बाग नाही.