ओट्याची उंची

माझ्या ताईला संशोधन करणाऱ्यांनी फसवलं. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना सगळे गोड बोलतात आणि मला ते जमत नाही. एका मोठ्या संस्थेतल्या शिकलेल्या लोकांनी पाय गेलेल्या माझ्या बहिणीला यंत्र लावून उभं केलं, तिच्या उभं राहण्यातून हवं ते शिकून घेतलं आणि यंत्र परत नेलं. जाताना आशा मात्र तिच्या घरात ठेवून गेले. तीही नेली असती तर मी आज हे लिहीत नसतो.

गेल्या महिन्यात दुपारी भावोजींचा फोन आला, तेव्हा मी भांडुपच्या गाळ्यात एका जुन्या लेथवरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. जुनी यंत्रं घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची, हा माझा धंदा. "कुंदा गेली," एवढंच भावोजी म्हणाले. मी फोन खिशात टाकला आणि गिऱ्हाईक म्हणत होतं त्या भावात लेथ देऊन टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. तोही बिचारा गोंधळला, त्याला वाटलं मशीनमध्येच काहीतरी खोट आहे...

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा घर चालवलं ते ताईने. लग्न होऊन चारकोपला गेल्यावरही तिने डबे सुरू केले आणि तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले निम्मे कामगार तिच्या हातचं जेवले. घासाघीस मी तिच्याकडूनच शिकलो. खारदांड्याहून एक मावशी पाटी घेऊन यायची. ताई तिच्याशी सुरमईवरून असं भांडायची, की शेजारच्या बायका दारात यायच्या. शेवटी दोघी हसायच्या आणि मावशी वर एक बांगडा टाकायची. "भांडल्याशिवाय मासो गोड लागाचो नाय रे बाबू," ताई मला म्हणायची. मी ते आयुष्यभर धरून बसलो.

मग एका सकाळी डब्यांच्या पिशव्यांसकट ती जिन्यावरून पडली. पाठीच्या कण्याला मार लागला आणि कमरेखालचं सगळं गेलं. डबे बंद झाले. पण स्वयंपाक सोडायला ती तयार नव्हती आणि तिथेच अडलं. आपल्या घरातला ओटा उभ्या बाईसाठी बांधलेला असतो. चाकाच्या खुर्चीत बसलं की तो छातीला लागतो आणि शेगडीवरचा टोप डोळ्यांच्या वर जातो. हात पोचतो, डोळे पोचत नाहीत. मग ताईने युक्ती केली. भावोजींचा दाढीचा गोल आरसा भिंतीला वर तिरका टांगला आणि त्यात बघून ती फोडणी द्यायला लागली. पण उकळी फुटली की आरशावर वाफ धरायची, म्हणजे नेमकं बघायची वेळ आली की काही दिसायचं नाही. मी म्हणालो, गवंडी आणतो, ओटा खाली घेतो, एका दिवसाचं काम आहे. तीही तयार झाली होती. गवंडी येऊन माप घेऊन गेला होता.

त्याच सुमाराला ती संस्था आमच्याकडे आली. ताईच्या व्यायामाच्या डॉक्टरांनी तिचं नाव सुचवलं होतं. दोन्ही पायांना बाहेरून बांधायचा एक सांगाडा, कमरेला आणि गुडघ्यांना मोटारी, पाठीवर बॅटरी. माणूस पुढे झुकला की यंत्र त्याला उचलतं आणि पाऊल टाकतं. आतापर्यंत ते फक्त त्यांच्या प्रयोगशाळेत चाललं होतं. आता त्यांना ते खऱ्या घरात, खऱ्या कामाला लावून बघायचं होतं. केतकी नावाची एक तरुण इंजिनीयर सगळं बघायची. मुलगी हुशार होती, ताईशी प्रेमाने वागायची, हे मी नाकारत नाही. ओटा खाली घेणार असल्याचं कळताच ती म्हणाली, "काकू, ओटा तोडू नका. तसाच ठेवा. आपल्याला तुम्हाला त्याच्या उंचीवर न्यायचंय."

गवंड्याला मी नको म्हणून कळवलं.

पाऊस संपता संपता यंत्र घरी आलं. ताईने त्याचं नाव ठेवलं जावई. त्याला बसायला वेगळी जागा, त्याच्यासाठी सगळ्यांनी सरकायचं, चार्ज करायला आधी त्याला आणि रुसला तर केतकीला फोन. ओट्याच्या बाजूला भिंतीत मी स्टीलचा दांडा ठोकून दिला. पहिल्या दिवशी पट्टे बांधले, मोटारी घुमल्या आणि ताई वर आली. पोट ओट्याला टेकलं, एक हात दांड्यावर, दुसऱ्या हातात डाव. मी तिला इतक्या दिवसांनी माझ्या उंचीवर बघत होतो. मला वाटलं ती रडेल. तिने टोपात वाकून पाहिलं आणि भावोजींना म्हणाली, "ह्या असला पाणचट सार खाल्लास इतके दिवस? बोललंस नाय कधी?" भावोजी म्हणाले, "बोलून तुला आणखी कुठे खाली बसवू, आधीच बसलेली होतीस." ती इतकी हसली, की केतकी यंत्र धरायला धावली.

आरसा तिने त्याच दिवशी काढून कपाटात टाकला.

शिमग्याच्या आधी यंत्र गेलं. ते जाणार हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि ताईला ते कळलं होतं, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. फसवणूक त्यात नाही. जायच्या दिवशी मी पुन्हा गवंड्याचा विषय काढला, तेव्हा केतकी ताईच्या खुर्चीपाशी बसून म्हणाली, "नका ना काकू. पुढचं यंत्र याहून हलकं असेल. आलं की पहिलं तुमच्याकडे." तिच्या मागे तिचे सर उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. फसवणूक ती.

मी त्या सरांकडे गेलो. विकत द्या म्हणालो. ते म्हणाले, ही विकायची वस्तू नाही. भाड्याने द्या, तर ते नियमात बसत नाही. मोडेल तेव्हा द्या, मी दुरुस्त करून घेईन, तर त्याचे भाग पुढच्या यंत्राला लागणार. मी आवाज चढवला. त्यांचा अजिबात चढला नाही, उलट माझ्यासाठी चहा मागवला. आजवर मी गंजलेल्या लोखंडापासून चालू प्रेसपर्यंत सगळ्याचा भाव केला. ज्याला भावच नाही, त्याच्यासाठी भांडायचं कसं, हे मला ताईने शिकवलं नव्हतं. घरी येऊन तिला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या पायांचा भाव करून आलास? तू गप रव. पोरगी बोलली ना, येईल."

ती थांबली. आरसा कपाटात, ओटा वर, आणि ती खाली बसून वासावर आणि आवाजावर स्वयंपाक करत होती. एकदा डाळ उतू गेली आणि दंड भाजला, तरी ओट्याला हात लावू दिला नाही. केतकी पुढे शिकायला परदेशी गेली. तिच्या जागी आलेल्या मुलाने फोनवर मला शांतपणे समजावलं, की पुढच्या टप्प्यात त्यांना तरुण माणसं हवीत, ताईचं वय बसत नाही. हे मी ताईला सांगितलं नाही. त्यांनी सांगावं म्हणून हट्ट धरला. त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मग एका रविवारी मी गेलो तर आरसा पुन्हा भिंतीवर टांगलेला होता, तसाच तिरका. ताई त्यात बघून कांदा परतत होती. आरशात आमची नजर मिळाली तेवढीच... मी आता तरी ओटा खाली घेऊया म्हणालो, तर म्हणाली, "रवांदे आता." त्यानंतर ती फार जेवायची नाही. दिवसभर एकाच जागी बसून जखमा झाल्या, त्या चिघळल्या, विष रक्तात गेलं. यंत्र असतं तर ती वाचली असती, असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण आरसा परत लावल्यावर जे उरलं होतं, ती माझी ताई नव्हती, हे मी म्हणतो.

तेरावं झाल्यावर मी त्या संस्थेत गेलो. निदान कळवावं म्हणून. सर बाहेरगावी होते. बाकावर बसलो, तर समोरच्या भिंतीवर मोठा फोटो लावलेला. यंत्रातले दोन पाय, ओट्यासमोर उभे. फोटो कमरेपर्यंतच. ओळख झाकायची असते, तिथल्या एका मुलीने सांगितलं. पण ओट्याखालच्या लादीचा कोपरा उडालेला दिसत होता. मी दांडा ठोकताना हातोडा निसटून तो उडाला होता आणि त्यावरून ताईने मला दिवसभर शिव्या घातल्या होत्या. फोटोखाली लिहिलं होतं, घरातील चाचणी यशस्वी.

आता भावोजी मुलाकडे राहायला जाणार आहेत. घर नव्याने करायला घेतलंय, गवंडी विचारतो, ओटा कधी काढू? मी त्याला थांबवलंय. चाकाची खुर्ची ओट्यासमोर तशीच ठेवलीय, आरसा पुसून पुन्हा टांगलाय. सर, हे तुमच्यासाठी. तुम्ही मान डोलावली होती. चारकोपला या. त्या खुर्चीत बसा. मी शेगडीवर टोप चढवतो. उकळी येऊ द्या, वाफ धरू द्या, मग मान वर करून त्या आरशात बघा आणि टोपात काय शिजतंय ते मला सांगा. नाही सांगता आलं, तर माझ्या ताईला थांबायला कुणी सांगितलं होतं, तेवढं तरी सांगा.